डावीकडून पहिली

आमच्या चित्रकलेच्या सरांना जगातल्या दोनच शब्दांचा मनापासून राग होता. एक 'आदी' आणि दुसरा 'इतर'. शिव्यांचं त्यांना काही नव्हतं. स्टाफरूममध्ये कुणाचं तोंड सुटलं तरी ते शांतपणे ब्रश धूत बसायचे. पण पेपरात 'यावेळी सरपंच, उपसरपंच आदी उपस्थित होते' असं वाचलं, की चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारायचे, "ह्या आदीला आय-बाप नसतेत का? घरी त्याला काय म्हनून हाक मारतेत? आदी, जेवाय ये?"

समोर बहुतेक वेळा मीच असायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर त्याच शाळेत विज्ञानाची शिक्षिका. विद्यार्थिनी असताना त्यांनी मी काढलेला गुलाब वर्गाला दाखवून "ह्यो कोबी बघा" म्हटलं होतं. नोकरीला लागले त्या दिवशी मात्र ते खुर्चीतून उठले आणि "या बाई" म्हणाले. मी म्हटलं, सर, मला अगं-तुगंच करा. तर म्हणाले, "न्हाई. तुमी आता बसलेल्या ओळीत आलाव. बसलेल्या ओळीला अहोच म्हनायचं आस्तंय." त्यांच्या लेखी माणसांच्या तीनच जाती होत्या: मागे उभे, खुर्चीत बसलेले आणि खाली बसलेले.

हे सगळं ग्रुप फोटोतून आलेलं. शाळेचा ग्रुप फोटो म्हणजे सरांची दिवाळी. आदल्या दिवशी ते पटांगणात चुन्यानं गोल आखायचे. उंचीप्रमाणे पोरं लावायची, बाक मांडायचे, आणि फोटोग्राफर तयार होऊन उभा असला तरी त्याला थांबवून डावीकडून एकेकाचं नाव लिहून घ्यायचे. "नाव लिवल्याबिगर खटका दाबायचा न्हाई," अशी सक्त ताकीद. तोवर ऊन डोक्यावर यायचं. आमच्या शाळेच्या जुन्या फोटोंत सगळी पोरं डोळे बारीक करून उभी दिसतात त्याचं कारण हे आहे. मग आठवडाभर घरी बसून सर काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं, झिरो नंबरच्या ब्रशनं नावं लिहायचे. अक्षर असं, की छापील वाटावं.

एका वर्षी शाळेत राहणारा मोत्या नावाचा कुत्रा पुढच्या ओळीत येऊन बसला आणि फोटोत आला. सरांनी पुठ्ठ्यावर शेवटी लिहिलं, 'खाली बसलेला: मोत्या'. मुख्याध्यापक खवळले. माझं आणि कुत्र्याचं नाव एकाच पुठ्ठ्यावर कसं, म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "तुमी खुर्चीवर हाव, त्यो खाली हाय. अजून किती फरक करू?" पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी फोटोच्या दिवशी मोत्याला मुद्दाम कोंडून ठेवलं. पुठ्ठा तयार झाला तेव्हा त्यावर 'अनुपस्थित: मोत्या' असं होतं.

एसटी स्टँडवर टक्कल पडलेला एखादा गृहस्थ वाकून पाया पडायचा. सर त्याला नाव विचारायचे नाहीत. डोळे मिटायचे, बोटं हवेत हलवायचे आणि म्हणायचे, "दहावी ब. मधली ओळ, डावीकडून चौथा. तुज्या शेजारचा शिंकला व्हता." तो गृहस्थ चारचौघांत रडकुंडीला यायचा. घरी मात्र काकूंना या स्मरणशक्तीचं कौतुक नव्हतं. "आमच्या लग्नाच्या फोटूमागं बी ह्यांनी माझं नाव लिवून ठिवलंय," त्या सांगायच्या. "इसरायचं भ्याव व्हतं का काय, देव जाने."

लग्नात तर सरांना बोलवावं की नाही हा आमच्या भागातला एक प्रश्नच होता. स्टेजवर नवरा-नवरीभोवती पाहुणे उभे राहिले, की हे वही घेऊन वर. "तुमी कोन? नवरीचे कोन?" एकदा असं विचारता विचारता नवरदेवाच्या काकांच्या शेजारी उभा असलेला एक माणूस कुणाचाच निघाला नाही. शेजारच्या मंगल कार्यालयातलं लग्न सोडून तो चुकून इकडे आला होता, जेवला होता आणि फोटोलाही उभा राहिला होता. लोक त्याला खाली उतरवायला लागले. सरांनी अडवलं. त्याचं नाव-गाव लिहून घेतलं आणि पुढे कंसात टीप टाकली, 'दुसऱ्या लग्नाचे'. तो अल्बम अजून त्या घरात आहे आणि त्या माणसाला ते आता दर कार्याला आमंत्रण धाडतात.

पेपरवाल्यांशी त्यांचं उघड युद्ध होतं. आमच्या तालुक्याचा वार्ताहर त्यांचाच विद्यार्थी. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात सरांनी त्याला कोपऱ्यात गाठलं आणि हजर असलेल्या सगळ्यांची नावं त्याच्या वहीत उतरवायला लावली. बातमी आली, पण तिच्यात नावांखेरीज कशालाच जागा उरली नाही. झाडं कुठं लावली, कोणती लावली, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. सर गेले तेव्हा याच वार्ताहरानं मातीला आलेल्या प्रत्येकाचं नाव बातमीत दिलं. पाऊण रकाना नुसती नावं होती आणि 'आदी' कुठेही नव्हता. मी ते कात्रण शाळेत लावलं.

मोबाइल आल्यावर आम्हाला वाटलं, आता तरी थकतील. उलट जोर चढला. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीही कसलाही फोटो टाकला, की खाली सरांचं उत्तर यायचं, 'नावे?' सहलीचा फोटो, 'नावे?' बारशाचा फोटो, 'नावे?' माझ्या भावानं पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाचा फोटो टाकला तर सरांनी विचारलं, 'मागे ताट घेऊन उभे कोण?' भावानं पुन्हा पोखर्णीला जाऊन चौकशी केली. त्याला पर्यायच नव्हता, तोही त्यांचाच विद्यार्थी.

तर अशा माणसाच्या हातात एके दिवशी मठाचा फोटो आला.

सोनपेठच्या बाजूला, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात सिस्टर लोकांचं जुनं कॉन्व्हेंट आहे. आमच्याकडे त्याला सगळे मठच म्हणतात. काळ्या दगडाची इमारत, पुढे कमानी, आणि बाजूला बाळंतपणाचा दवाखाना. आसपासच्या गावांतली पुष्कळ माणसं तिथं जन्मली आहेत. मीही त्यातलीच. आताच्या मोठ्या सिस्टर जन्मानं दक्षिणेकडच्या, पण वर्षानुवर्षं इथल्या बाळंतिणींशी बोलून त्यांची मराठी आमच्यापेक्षा अस्सल झालेली. त्या शाळेत आल्या त्या एक तपकिरी पडलेला फोटो घेऊन. दवाखान्याचा नवा हॉल बांधून होत आला होता, महिन्याभरानं उद्घाटन होतं, आणि हा निजामाच्या काळातला फोटो मोठा करून तिथं लावायचा होता. खाली नावं लिहायला चांगलं अक्षर पाहिजे होतं, म्हणून मी सरांना घरून बोलावून घेतलं.

फोटोत मठाच्या कमानी होत्या. पुढे पाच सिस्टर खुर्च्यांवर बसलेल्या, पायघोळ पांढऱ्या झग्यांत, चेहऱ्यांवर आपल्याकडच्या उन्हाचा त्रास स्पष्ट दिसत होता. मागे चार पुरुष: तुर्की टोपीतला टांगेवाला, पागोट्यातला माळी, हातात पळी घेतलेला स्वयंपाकी आणि काठीवाला राखणदार. आणि अगदी डाव्या कडेला एक बाई. म्हणजे, बाई असावी असं काहीतरी. कमरेवर घागर होती. एक पाऊल तेवढं स्वच्छ आलेलं, जोडव्यांसकट. बाकी सगळी हललेली, चेहऱ्याच्या जागी नुसता धूर, आणि निम्मं अंग फोटोच्या बाहेर.

सरांनी फोटो उलटा केला. मागे परक्या भाषेत पाच नावं होती, आणि शेवटी आणखी एक-दोन शब्द.

"ह्या पाच झाल्या. ह्ये शेवटी काय लिवलंय?"

"आनि नोकर," सिस्टर म्हणाल्या.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "आदीच्या बी वरताण झाली ही."

सिस्टरांना पाच नावं हवी होती. सरांनी दहा लिहायची ठरवलं. सरांना तेव्हा निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, दूरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून माझ्या रविवारांवर जप्ती आली. मी स्कूटी चालवायची आणि सर मागे बसणार, मोठा केलेला फोटो काचेसकट छातीशी धरून. पिशवीत घालायला तयार नव्हते, काच फुटेल म्हणून. त्यामुळे रस्त्यानं जाणारे लोक आम्हाला बघून डोक्यावरच्या टोप्या काढायचे. माळ्याचा वंश झरीला आहे असं कळलं म्हणून आम्ही तिकडे गेलो, तर बाजारात एका फुलवाल्यानं न मागता त्या फोटोला हार घातला आणि हळू आवाजात विचारलं, "कवा गेले?" सरांनी हार काढून त्याच्या हातात दिला. "एकदम दहा मानसं कशाला मारायलास बाबा?"

पुढे घोटाळा झाला तो घरकुलाचा. सोनपेठच्या आठवडी बाजारात सर फोटो दाखवून "ह्यातलं तुमचं कोन हाय का?" असं विचारत होते. आमच्याकडे कुणी कागद घेऊन वाडवडिलांची चौकशी केली, की त्यामागे योजना असते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. दुपारपर्यंत बातमी पसरली, की मठाच्या फोटोत ज्याचा आजा असेल त्याला घरकुल मंजूर होणार आहे. पुढच्या रविवारी शाळेच्या फाटकाशी रांग लागली. लोक आधार कार्ड घेऊन आले, एक जण रहिवासी दाखला घेऊन आला. एकट्या टांगेवाल्याला अकरा नातू निघाले, आणि त्यातले काही एकमेकांना ओळखतही नव्हते.

सरांची पद्धत ठरलेली होती. चित्रकलेचा माणूस, चेहऱ्यावर विश्वास नाही. "नाक बदलतंय, रंग बदलतोय. कान बदलत न्हाई," म्हणायचे. प्रत्येकाला आडवं उभं करायचे आणि भिंग घेऊन आधी फोटोतला कान, मग समोरचा कान. सातबाऱ्याची मोजणी करावी तसा एकेक कान त्यांनी तपासला. एका गृहस्थानं तर कहर केला. मधल्या खुर्चीतल्या मोठ्या मदरवर बोट ठेवून म्हणाला, "ही आमची आजी."

"आरं, ही शिष्टर हाय. लगीन करीत न्हाईत त्या."

तो जरा थबकला. "मंग चुलत आजी धरा," म्हणाला.

शेवटी टांगेवाल्याचा खरा नातू सापडला तो रांगेत नव्हताच. सायकलचं दुकान चालवणारा एक म्हातारा रांग बघायला म्हणून आला होता. फोटो बघून तो तिथंच खाली बसला. "येइच हमारे दादा. कान कायकू देखते मास्टर, ये टोपी घर में हैच," म्हणाला, आणि घरी जाऊन टोपी घेऊन आला. टोपीवरचा डाग फोटोतल्या डागाशी जुळला. अशीच पुढे माळ्याची, स्वयंपाक्याची आणि राखणदाराची नावं लागली. घरकुल नाही हे कळल्यावर रांग आपोआप विरली.

राहिली ती डावीकडून पहिली. घरकुलाच्या गर्दीतसुद्धा तिच्यावर कुणी हक्क सांगितला नव्हता. एक जण म्हणालाच, निम्म्या बाईवर घरकुल बी निम्मंच मिळंल. सर जो भेटेल त्याच्यापुढे फोटो धरून विचारायचे, "हिला वळखता का?" आणि जो तो म्हणायचा, "मास्तर, वळखायला तोंड तर पायजे."

उद्घाटनाला आठवडा राहिला तेव्हा आम्ही मठात होतो, तिथं कार्यक्रम समितीचे अध्यक्ष आले. माजी सरपंच, पांढरे कपडे, कामाचा उरक मोठा. त्यांनी फ्लेक्सवाल्याकडून एक नमुना करून आणला होता. त्यात डावी कड कापून टाकलेली. "आता फोटू कसा सोच्छ दिसतोय बघा," म्हणाले. "त्या भुतावानी बाईनं सगळी कळा घालीवली व्हती."

सरांनी तो नमुना त्यांच्या हातातून हिसकावला. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि रागाच्या भरात ते नको ते बोलून गेले. "रविवारपस्तोर नाव आनून दावतो. आनलं तर ऱ्हाईल ती. न्हाई आनलं तर खुशाल कापा!"

"ठरलं तर," अध्यक्ष म्हणाले, आणि गेलेही.

मला सरांचा भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं पैज लावायला? तिथल्या तिथे गोड बोलून बाई वाचवता आली असती. परतताना मी स्कूटी थांबवून तसं बोललेही. एका हललेल्या बाईसाठी एवढा जीव काय टाकायचा, म्हटलं.

सर रस्त्याकडेच्या दगडावर बसले, फोटो मांडीवर. "बाई, माझी माय खडी फोडायची," ते म्हणाले. "धरनाच्या कामावर. एकदा मोठ्ठे सायब आलते. मजुरांसंगं फोटू काढला, पेपरात आला. खाली लिवलं व्हतं, सायब, विंजिनेर अन् इतर. मायनं त्यो कागद मरस्तोर पेटीत जपला. वाचता येत नव्हतं तिला. शाळा शिकायलेल्या लेकाला इच्यारायची, माझं नाव कुटं हाय रं? मी 'इतर'वर बोट ठिवून सांगायचो, ह्ये बघ, हितं."

मी स्कूटी चालू केली.

शनिवार उजाडला तरी नाव नव्हतं. आम्ही मठात गेलो ते हार मानायलाच. सिस्टर औषधाची पिशवी घेऊन गावात निघाल्या होत्या, बुद्ध विहाराच्या मागे राहणाऱ्या एका म्हातारीकडे. मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशनला तयार नाही. तिला काही दिसतच नव्हतं, म्हणून तिला फोटो दाखवायचं आम्ही सोडून दिलं होतं. त्या दिवशी आम्ही गेलो ते नुसते सिस्टरांच्या सोबतीला.

"जय भीम, आजी," सर म्हणाले.

"जय भीम. कोन हाय?"

"मास्तर हाय. मठाचा फोटू हाय माझ्याजवळ."

"मला कुटं दिसतंय? तुमीच सांगा काय हाय त्यात."

सरांनी सांगायला सुरुवात केली, आणि जन्मात पहिल्यांदा उजवीकडून केली. डावीकडून सुरुवात करणं त्यांच्यानं होत नसावं. राखणदार झाला, स्वयंपाकी, माळी, टांगेवाला, पुढे बसलेल्या पाच सिस्टर झाल्या. "अन् कडंला एक बाई हाय," आवाज उतरला होता. "घागर हाय कमरंवर. तोंड दिसत न्हाई. हलली बिचारी."

म्हातारी एकदम हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, सिस्टरांनी पाणी दिलं.

"हलली म्हन्ता? मंग आमच्या आत्याबाई त्या!"

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मठाचं पाणी तीच भरायची. "गावच्या आडावर आमाला कोन येऊ देत व्हतं तवा? नदीचं पानी आनायच्या अन् शिष्टरी प्यायच्या," म्हातारी सांगू लागली. "फोटूवाला आलता भाईरून. काळ्या फडक्यात डोस्कं घालून बसला. मोठी शिष्टर आत्याबाईला म्हनली, ये, तू बी उबी ऱ्हा. ह्या निगाल्या. त्यो फडक्यातून वरडला, ए बाई, सरक बाजूला. ही म्हनली ये, त्यो म्हनला सरक. ह्यांचं एक पाऊल पुडं, एक मागं. तेवड्यात त्यानं काढला फोटू. आमच्या घरात ह्याच्यावर लय भांडनं व्हायची. सासरे म्हनायचे, तू जायली व्हतीस. आत्याबाई म्हनायच्या, न्हाई, मी यायले व्हते."

सरांनी वही काढली. "नाव काय त्यांचं?"

म्हातारीनं मान खाली घातली.

"आजी, नाव."

"सासूचं नाव कसं घिऊ, मास्तर?"

मला वाटलं गंमत करते आहे. पण नाही. मी म्हटलं, आजी, आता कुठं राहिलंय ते? तर म्हणाली, "नवऱ्याचं इच्यारा, धा येळा सांगते. बाबासायबानं तेवडं भ्याव घालीवलं. पर आत्याबाई लय कडक. अजून सपनात येऊन इच्यारतेत, भाकर कामून करपली म्हनून."

दुसऱ्या कुणाला माहीत असावं तर मुलगा वारलेला, नातू पुण्याला. आम्ही त्याला फोन लावला. तो म्हणाला, आम्ही तर पाण्याची आजी एवढंच ऐकलंय. शेजारीपाजारी जमले, त्यांनाही तेवढंच ठाऊक. सिस्टरांनी विनवलं, मी विनवलं. म्हातारी मान हलवत राहिली. नाव तिच्या ओठांवर होतं आणि उद्या दहा वाजता फ्लेक्सवाला कात्री घेऊन बसणार होता.

तेव्हा सरांनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचलं असतं. त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि वर्गात उभे असल्यासारखे ताठ झाले.

"तुमी काय बी बोलू नका, आजी. मी हजेरी घेतो. कोंडाबाई?"

म्हातारीनं मान हलवली. नाही.

"धुरपताबाई?"

नाही.

"लंकाबाई? सोजरबाई? गवळनबाई?"

पालकांची नावं लिहून लिहून सरांच्या डोक्यात आमच्या भागातल्या सगळ्या आज्या भरल्या होत्या. ते म्हणत गेले. चंद्रभागा, राहीबाई, हौसाबाई, मथुराबाई. शेजारणींना मजा वाटायला लागली, त्या मधूनच आपल्या आज्यांची नावं पुरवायला लागल्या. म्हातारीही रंगात आली, मान हलवून हलवून तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला. सरांचा घसा बसत चालला होता.

"अनसूयाबाई? पारुबाई? केवळाबाई?"

म्हातारी थांबली. तिनं खांद्यावरचा पदर उचलला आणि डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला, मोठं माणूस दारातून आत यावं तसा.

सर हळूच म्हणाले, "हजर," आणि वहीत लिहून घेतलं.

त्या रात्री त्यांनी दहा नावं रंगवली. सकाळी अध्यक्षांनी पुठ्ठा वाचला आणि कपाळाला हात लावला. 'डावीकडून उभे: केवळाबाई, पाणी भरणाऱ्या.' "मदरच्या आदी पानीवाली? काय म्हनतील लोक?"

"डावीकडून लिवायची रीत हाय," सर म्हणाले.

"मंग उजवीकडून लिवा की."

"लिवतो. मंग राखनदार पैला येतोय. चालंल?"

अध्यक्ष विचारात पडले. राखणदाराच्या नातवाशी त्यांचं बांधावरून भांडण चालू होतं. डावीकडूनच ठरलं.

उद्घाटनाला सिस्टरांनी म्हातारीला मठाच्या जीपमधून आणलं. हॉलमध्ये भाषणं चालू होती, तरी सरांनी तिला मधूनच उठवून भिंतीपाशी नेलं आणि दहाच्या दहा नावं मोठ्यानं वाचली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण मलाच रडू येत होतं.

म्हातारी फोटोच्या इतकी जवळ गेली की नाक काचेला लागलं. "कुटं हायत?" तिनं विचारलं. सरांनी तिचा हात धरून डाव्या कडेला टेकवला. तिनं आधी पदर सारखा केला. मग हात काचेवर तसाच ठेवून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली.

"आत्याबाई, ऱ्हावा आता हितंच. कोनी सरक म्हनलं तरी सरकू नका."